बेकलाइटचं हँडल आणि हवालदारांचा कंगवा

नागापूर एमआयडीसीतलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही; आठवलं की हसूच येतं. कुकरची बेकलाइट हँडलं बनवणाऱ्या एका कारखान्यातून तयार मालाची सहा पोती गेली होती. फिर्याद नोंदवली, पंचनामा केला. दुसऱ्याच दिवशी तिथला वॉचमन खबर घेऊन आला.

"साहेब, हँडलं घासनारी बाई चोर हाय. तिनं माल भंगारवाल्याला इकला. त्यानं माझ्यादेखत कढईत वितळवून त्याचा गोळा केला."

म्हणजे मुद्देमाल शोधायची कटकटच नाही! इतकी सोयीची खबर मी खरी मानली, ही माझी चूक. ती मालकाच्या कानावर गेली आणि त्याने बाईंना तडकाफडकी घरी बसवलं.

संध्याकाळी बाई नवऱ्याला घेऊन स्वतःच रडत ठाण्यात आल्या. बारा वर्षांची नोकरी गेली होती, वर चोरीचा डाग. महिला पोलिसासमोर मी विचारपूस सुरू केली. कढईचं ऐकताच बाईंचं रडणं थांबलं आणि त्या चक्क चिडल्या.

"साहेब, बेकलाइट वितळतंय व्हय? पावडर साच्यात दाबून एकदा शिजवली की संपलं. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ व्हतं का? ते वितळत न्हाई, करंट लागू देत न्हाई, म्हनून तर हँडलं अन् स्विच त्याचे करत्यात."

मी वॉचमनला बोलावून घेतलं. ठाण्यातल्या चहाच्या शेगडीवर जुनी कढई चढवून त्यात कारखान्यातून मागवलेलं एक हँडल टाकलं. शेजारी साधं प्लॅस्टिक हवं, म्हणून आमच्या हवालदारांचा कंगवा टाकला. कंगव्याचा बघता बघता लगदा झाला. हँडल काळं पडलं, ठाणंभर घाण वास सुटला, पण त्याचा आकार काही बदलला नाही.

"आता सांग, तू काय वितळताना पाहिलंस?"

वॉचमनने हात जोडले. इतकी वर्षं गेट सांभाळलं, पण आतलं मशीन त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"चुकलं साहेब. मला वाटलं, समदं प्लॅस्टिक सारखंच."

सहाही पोती त्याच्या घरामागे कडब्याखाली मिळाली. मालकाने बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली आणि त्यांना कामावर घेतलं. मला मनापासून आनंद झाला.

तेव्हापासून मी एक शिकलो: संशयिताला दरडावण्याआधी त्याच्या कामाबद्दल विचारायचं. हाताने काम करणाऱ्याला आपल्या फायलीपेक्षा जास्त माहीत असतं.

आठवड्याने बाई पेढे घेऊन आल्या. हवालदारांसाठी नवा कंगवाही आणला होता. हवालदारांनी टोपी काढली, तुळतुळीत टक्कल दाखवलं आणि म्हणाले, "ताई, तो जुना निस्ता सवयीनं खिशात हुता!"

बाई पोट धरून हसल्या. त्याच ठाण्यात त्या रडत आल्या होत्या.