लोहारणीचा सांडस

लोहाराला झटका आला तो सकाळी, चहाचा कप तोंडाशी असताना. कप फुटल्याचा आवाज झाला आणि गल्लीला तेवढं पुरेसं होतं. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं, शिंपीण ओल्या हातानं धावत आली, आणि दुपारपर्यंत निम्म्या गल्लीनं ठरवूनही टाकलं की असल्या संतापी माणसाचं दुसरं काय होणार. तोंडावर मात्र जो तो "अरेरे, सोन्यासारखा माणूस" म्हणत होता. सोन्यासारखा! लोखंडासारखा म्हणाले असते तर निदान लोखंडाला राग आला असता.

माणूस वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि निम्मं तोंड मात्र गेलं ते गेलंच. बोलायला तीन-चार शब्द उरले. "ए" म्हणजे बायको. "च्या" म्हणजे चहा. "नको" म्हणजे नको. आणि एक शिवी, जी झटक्यानंतरही इतकी स्पष्ट उमटायची की डॉक्टरसुद्धा कौतुकानं हसले होते.

त्याची खाट मागच्या खोलीत, पण त्यानं डाव्या हातानं हट्टानं खुणा करून ती अशी लावून घेतली की उघड्या दारातून समोरची भट्टी दिसावी. भट्टी विझलेली, भाता लटकलेला, ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर गप्प बसलेली. तो दिवसभर तिच्याकडे बघत पडायचा. बायकोकडेही बघायचा, पण ती मधे आली तर.

ही बायको, म्हणजे आपली लोहारीण. लग्न होऊन आली तेव्हा काडी होती म्हणे. सासऱ्यानं तिच्या हातात घण दिला आणि वर्षभरात तिचे खांदे असे झाले की शिंपी तिचं पोलकं बेतायला घेताना दोनदा माप घ्यायचा. "वहिनी, कापड तुम्हाला जास्त लागतं की दादांना?" असं एकदा तो म्हणाला आणि महिनाभर तिनं त्याच्या कात्रीला धार लावून दिली नाही.

त्यांच्या घरची पद्धत साधी होती. नवरा ऐरणीच्या अलीकडे उभा राहून सांडसात तापलेलं लोखंड धरणार, ही पलीकडून, मागच्या खोलीकडे पाठ करून, घण घालणार. तो छोट्या हातोड्यानं टिक करून जागा दाखवणार, ही तिथेच घाव घालणार. टिक, धाड. टिक, धाड. सगळा संसार असाच झाला. संसारातही तोच टिक करायचा.

सांडसाला हात मात्र लावायचा नाही. सांडस धरतो तो कारागीर, घण घालतो तो नुसता जोर, असं त्याचं म्हणणं. एकदा, नवी नवी असताना, तो बाहेर गेलेला बघून तिनं सांडस उचलून पाहिला. तो मागून आला. सांडसाचं तोंड तेव्हा गरम होतं. तिच्या डाव्या मनगटावर जो चट्टा आहे तो त्या दिवसाचा. शिंपीण विचारायची तेव्हा ती सांगायची, "दूध उतू गेलं." शिंपिणीनं विश्वास ठेवला नाही, पण दुधाची गोष्ट तिनं गल्लीभर सांगितली. बाईची लाज बाईनं राखली, एवढं तिच्या बाजूनं बोललं पाहिजे.

झटक्यानंतर पंधरवड्यानं धाकटा दीर आला. त्याचं मोठ्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान, ग्रिल आणि गेटं करायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या बायकोनं घरातून निघताना जे सांगितलेलं असेल ते तो बोलायचा. येताना गोणपाट घेऊन आला आणि भावाच्या खाटेशी बसून भिंतीवरचे सांडस एकेक करून दाखवू लागला. "दादा, हा नेऊ? हा?" लोहार मान हलवत गेला. भिंतीवर नुसते खिळे राहिले.

"आणि ऐरण रविवारी नेतो," दीर म्हणाला. "बाबांची आहे. इथं गंजून जायची. तुम्ही दोघंही आमच्याकडे चला वहिनी, मागची खोली रिकामी आहे."

ती मागची खोली लोहारणीनं पाहिलेली होती. खिडकी नाही, आणि दार उघडलं की समोर जाऊबाई. जावेच्या चुलीवरचं मागून खायचं, नवऱ्याची घाण जावेच्या मोरीत धुवायची, आणि वर "किती साबण लागतो गं तुला" ऐकायचं. ती म्हणाली, "भाऊजी, ऐरण राहू दे. मी काम करीन."

"घण घालाल हो. पण धरणार कोण?"

"मीच धरीन."

दीर हसला. "कशानं? सांडस तर मी घेऊन चाललो. का स्वयंपाकघरातली सांडशी घेताय?"

खाटेवरून लोहारही हसला. अर्ध्या तोंडाचं हसू, ते कुणाला बघवत नसे.

तिचं तोंड लाल झालं. "सांडस करीन मी माझा. रविवारी या, समोर काम करून दाखवते. धरता आलं तर ऐरण इथंच राहील. बोला."

दिराला वाटलं, बाईची जात, बोलते आहे, बोलू दे. "बरं बाई. करून दाखवा, मी ऐरणीला बोट लावणार नाही." आणि गोणपाट खांद्यावर टाकून गेला. सांडस एकमेकांवर आपटत गेल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत राहिला.

आता गंमत अशी की सांडस घडवायला तापलं लोखंड धरावं लागतं, आणि ते धरायला सांडस लागतो. पण तिला एक माहीत होतं. सळई पुरेशी लांब असली तर एक टोक भट्टीत लाल होतं आणि दुसरं हातात थंड राहतं. छपराखाली तशी एक लांब सळई होती. एका टोकाला एक जबडा घडवायचा, मग सळई फिरवून दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि शेवटी मधोमध छिन्नीनं तोडायची. झाले दोन दांडे. सांडसाशिवाय सांडस.

तिनं भट्टी पेटवली. धूर बघून शिंपी दारात आला. "वहिनी, दादा उठले की काय?"

"उठले असते तर तुम्ही दारात आला असता का?" ती म्हणाली, आणि शिंपी हसत हसत तिथंच उंबऱ्यावर बसला. बसण्यासारखंच होतं.

नवऱ्याच्या जागी उभं राहायला तिला आधी संकोच वाटला. त्या जागी जमीन खोलगट झाली होती, त्याच्या पावलांची. तिनं सळई ऐरणीवर ठेवली, कडेवर टोक चपटं केलं, मग सळईला पाव वळसा दिला आणि तिथं ठोकून जोडाचा भाग बसवला. वळसा कुणीकडे द्यायचा ते तिला पाठ होतं: रस्त्याच्या दाराकडे. नवऱ्याचं मनगट दाराकडे फिरताना तिनं जन्मभर पाहिलं होतं. घण एकटीनं धरून भागत नव्हतं, म्हणून हातोडाच. चार ठोक्यांत होणारं काम चाळीसला होत होतं. खाटेवरून नवरा बघत होता. त्याचा डावा हात पांघरुणावर ठोके मोजल्यासारखा हलत होता.

पहिलं टोक चांगलं उतरलं. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिनं दुसरं टोक भट्टीत सारलं.

ते लाल झालं, तिनं ओढून काढलं, आणि नेमका तेव्हाच शिंपी म्हणाला, "वहिनी, पाणी हवं का?" तिनं "नको" म्हटलं आणि बोलता बोलता तिचे पाय आपसूक आपल्या जुन्या जागी गेले, ऐरणीच्या पलीकडे, जिथं ती तीस वर्षं घण घेऊन उभी होती. लोखंड थंड व्हायच्या आत ठोकायचं होतं. तिनं टोक चपटं केलं आणि सळईला पाव वळसा दिला. दाराकडे.

खाटेवरचा हात थांबला. मान वळवताना तिला ते ओझरतं दिसलं, पण त्याचा अर्थ काढायला वेळ नव्हता.

दोन्ही टोकं झाली, भोकं पाडली, सळई मधोमध तोडली. मग तिनं दोन्ही दांडे एकावर एक ठेवले. बसेनात. इकडून फिरवून पाहिले, तिकडून पाहिले. जबडे समोरासमोर यायचे सोडून एकमेकांना चुकवून जात होते. आणि मग तिच्या ध्यानात आलं. वहाणांत एक उजवी, एक डावी लागते. सांडसाचे दांडे दोन्ही एकाच पायाचे लागतात. तिनं जोडी केली होती. दार एकच होतं, पण अलीकडून ते डाव्या हाताला होतं आणि पलीकडून उजव्या.

शिंपी हळूच म्हणाला, "असू दे वहिनी. उद्या परत."

तिनं मागे वळून खोलीत पाहिलं. लोहार हसत होता. तेच अर्ध्या तोंडाचं हसू. त्याला कळलं होतं. ती पलीकडे जाऊन उभी राहिली त्याच क्षणी कळलं होतं. "ए" म्हणता येत होतं. "नको" तर इतकं छान म्हणता येत होतं की दोन्ही वेळच्या जेवणाला म्हणायचा. एवढा एक शब्द त्यानं टाकला असता तर ती थांबली असती. तो पूर्ण वेळ, सळई लाल होऊन काळी होईपर्यंत, बघत पडून राहिला होता.

बोलणाऱ्या बायका वेगळ्या. ती मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि त्याच्या चहाची वेळ झाली होती म्हणून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक गज छिन्नीनं उखडला. थंड टोकाला ओलं फडकं गुंडाळलं. आता पहिल्या दांड्याला जुळणारा करायचा की दुसऱ्याला, हा प्रश्न होता. शिंप्यानं न मागता सल्ला दिला, "पहिला बरोबर होता ना? त्याच्यासारखा करा." बरोबर होता खराच. पण अलीकडच्या खोलगट जागेत ती जाऊन उभी राहिली तेव्हा खाटेवरचे डोळे थेट तिच्या हातांवर आले, आणि हात चालेनात. ती पलीकडे गेली. त्याच्याकडे पाठ झाली. तिथून तिनं चुकलेल्या दांड्याचा जोडीदार घडवला.

जोडाचा खिळा लाल करून भोकात घालायला मात्र स्वयंपाकघरातलीच सांडशी उपयोगी पडली. जोड ठोकून झाल्यावर तिनं सगळंच पुन्हा तापवलं आणि उघडझाप करत राहिली, सैल होईतो. मग पाण्यात बुडवलं. सांडस तयार झाला. उलट्या घडणीचा, दांडे विरुद्ध बाजूनं एकमेकांवरून गेलेले. पण धरत होता.

रविवारी दीर हातगाडी घेऊन आला. गल्लीला आधीच खबर होती, त्यामुळे त्या सकाळी सगळ्यांनाच आपापल्या दारात काही ना काही काम निघालं. तिनं भट्टीतून लोखंडाचा तुकडा उचलला, ऐरणीवर धरला आणि सगळ्यांदेखत त्याचा भिंतीतला आकडा करून पाण्यात टाकला. तुकडा एकदाही निसटला नाही.

दिरानं सांडस हातात घेऊन फिरवून पाहिला. "वहिनी, हा उलटा आहे."

"धरतो ना?"

त्यानं एकदा उघडून मिटून पाहिला. "धरतो," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आवाजात थोडा आदर होता. "बोललोय मी. राहू दे ऐरण. दादाला एवढं सांगून येतो." तो खोलीत गेला. ती त्याच्या मागोमाग दारात उभी राहिली. "दादा, वहिनीनं करून दाखवलं बरं का. ऐरण इथंच ठेवतो. काय?"

लोहारानं तोंड हलवलं. काही आलं नाही. परत हलवलं. ओठाच्या कडेनं लाळ आली, मान ताठ झाली, गळ्याची शीर उभी राहिली. झटक्यानंतर पहिल्यांदाच तो नवा शब्द शोधत होता, आणि दोघंही जीव मुठीत धरून थांबले. मग शब्द आला.

"ने."

दीर खाली बघत राहिला. "दादा, पण..."

"ने," लोहार म्हणाला. या खेपेला अधिक स्पष्ट.

वडिलांची ऐरण, थोरल्या भावाचा शब्द. दिरानं वहिनीकडे बघायचं टाळलं आणि हातगाडीवरचा दोर सोडवायला लागला. पण ऐरण एका माणसाला उचलेना, आणि गल्लीतले सगळे कामातले लोक एकाएकी घरात गेले. शिंप्याची पाठ तेवढ्यात धरली. तेव्हा लोहारीण पुढे झाली. दुसरी बाजू तिनं धरली.

"कंबर सांभाळा वहिनी," दीर पुटपुटला.

"तुम्ही तुमची सांभाळा. तुम्हाला सवय नाही."

दोघांनी मिळून ऐरण हातगाडीवर चढवली. "मागची खोली झाडून ठेवायला सांगतो," दीर म्हणाला. "नका सांगू," ती म्हणाली, आणि तो गेला.

त्या दुपारी तिनं घणाचा दांडा ठोकून काढला आणि ओंडक्यावर ऐरण बसायची तिथंच खाच पाडून घणाचं डोकं उभं रोवलं. मुठीएवढी जागा वर राहिली, तीच आता ऐरण. त्यावर नांगराचा फाळ होणार नव्हता, कुऱ्हाड होणार नव्हती. आकडे, कड्या, बिजागरीच्या पट्ट्या, खुरप्याची पाती, एवढंच. जे एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ठोकता येईल तेवढं. त्यातून दोघांच्या भाकरीपुरतं सुटायचं, कधी एकाच्याच. तेव्हा ती त्याला वाढायची.

आणि एक गोष्ट केली तिनं, जी गल्लीनं तिला कधी माफ केली नाही. त्याची खाट फिरवली. तोंड भिंतीकडे. तो "नको" म्हणाला, शिवीसुद्धा दिली, डाव्या हातानं दाराची चौकट धरून बसला. तिनं बोटं एकेक करून सोडवली.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. त्याच्या पाठीला एकही फोड आला नाही, हे तिरडी बांधायला आलेल्यांनी पाहिलं. वेळेवर चहा, वेळेवर कूस बदलणं, नखंसुद्धा कापलेली. फक्त खाट कधी वळली नाही. पलीकडे ठोके पडायचे, तो "ए, ए" करायचा, ती येऊन काय हवं ते द्यायची आणि परत जायची.

शिंपिणीला राहवलं नाही. एकदा खिडकीशी थांबून ती म्हणाली, "अगं, एवढं करतेस त्यांचं, मग खाट तेवढी दाराकडे कर की. जीव गुदमरतो गं माणसाचा. बघू दे त्यांना."

लोहारीण आकडा पाण्यात बुडवत होती. "नको," ती म्हणाली. "बघून बघून दमले असतील ते."

शिंपीण घरी गेली आणि या खेपेला मात्र तिनं जसंच्या तसं सगळीकडे सांगितलं.