आलो बे, देवा

आमचे आबाजी, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, कुणी हाक मारलेली नसताना ओ द्यायचे. जेवता जेवता, दाढी करताना, अगदी भर बाजारातसुद्धा. "आलो बे, देवा," म्हणत उठायचे, बाहेर जाऊन उभे राहायचे आणि घटकाभराने परत येऊन निमूट उरलेली भाकर खायचे. नवख्याला वाटे, म्हातारा भक्तीत रमलाय. पण देवाला कुणी 'बे' म्हणत नाही. हा देवा म्हणजे देविदास, वाशीमकडचा, फौजेतला त्यांचा जोडीदार. तो बर्फात गेला तेव्हा माझे वडीलही जन्मले नव्हते.

आमच्या गावात, सोनाळ्यात, आबाजींना सगळे 'मिल्ट्री' म्हणत. ते सुनांनाही 'बेटा' म्हणायचे, चहा पत्र्याच्या मगातूनच घ्यायचे. घरातल्या सगळ्यांच्या चपला दाराबाहेर तोंड करून ठेवायला लावायचे. का, असं विचारलं की म्हणत, "निंगाले येळ लागू नये."

देविदासची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. मी तेव्हा बारावीला होते. बर्फातल्या चौकीवर दोघांचा एक तंबू होता. दुपारी ड्युटीवरून येऊन देविदास झोपला होता. आबाजी शेजारी बसून मोजे वाळवत होते. तेवढ्यात बाहेरून देविदासची हाक आली. आवाज त्याचाच, वऱ्हाडीच. हा कधी उठून गेला, असं मनाशी म्हणत आबाजी मागे न बघताच बाहेर पडले. थोडं पुढे गेले आणि वरचा कडा सुटला. तंबू दिसेनासा झाला. उकरून काढलं तेव्हा देविदास अंथरुणातच होता, कुशीवर.

मी म्हटलं, "भास झाला असंल, आबाजी."

"भासानं कोनी वाचते का? आन् वाचवाचंच होतं, तं तो सोता काऊन नाही उठला?"

 

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही संत्र्याच्या बगीच्यात विहिरीच्या काठावर जेवायला बसलो होतो. मी, आई, कामावरच्या बाया. आबाजींनी घास खाली ठेवला. नेहमीसारखे उठले, पण पाऊल उचललं नाही. समोर कुणीच नव्हतं आणि ते कुणाला तरी सांगत होते, "या खेपी एकटा नाही येत." मग परेडच्या आवाजात आम्हाला उठवलं. बाया हसत, भाकरी हातात धरून त्यांच्या मागे बांधापर्यंत आल्या. आम्ही पुरते बसलोही नव्हतो, तोच मागे आवाज झाला. विहिरीचा काठ दगडांसकट आत गेला होता. आईची पाण्याची घागर, आमची फडकी, सगळं. बायांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्यानंतर गाव बदललं. आबाजींनी रस्त्यात ओ दिली की लोक घरं सोडून बाहेर यायचे, लेकरं कडेवर घेऊन. कुणी त्यांच्या पाया पडायचं, कुणी त्यांना बघून वाट बदलायचं. त्यांना दोन्ही सोसेना. "मी का भगत आहो का?" म्हणाले आणि बाजारात जाणंच सोडलं.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. हाका वाढल्या होत्या, पण ते ओ देत नव्हते. नुसती मान हलवायचे. एका सकाळी आई त्यांना पेज भरवत होती. आम्ही सगळे खोलीतच होतो. ते अचानक स्पष्ट म्हणाले, "आलो बे, देवा."

काकांनी धाकट्या लेकराला उचललं. काकू उठली, मीही उठले.

"तुमी बसा," आबाजी म्हणाले. "हे मलेच हाये."

ऐकलं सगळ्यांनी, पण विहीर आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही अंगणात पळालो. आई तेवढी उठली नाही. तिने विचारलेलं दारातून मला ऐकू आलं, "मामाजी, मी थांबू?"

"थांब, बेटा."

आम्ही उन्हात उभे राहून छपराकडे बघत होतो. शेजारचेही येऊन उभे राहिले. मग आई पेजेची वाटी घेऊन दारात आली. तिने डोक्यावरून पदर घेतला होता.

घराला काहीच झालं नव्हतं.