गुडघ्यांचा बाम आणि पांढरे उंदीर

उंदीर धरायला मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी शेळ्या-मेंढ्या राखल्या, तोच हात पुढं कामाला आला. चौथीत शाळा सुटली आणि म्हातारपणी विद्यापीठात शिरलो, तेही औषधशास्त्र विभागाचे पांढरे उंदीर सांभाळायला. प्रयोगशाळेच्या पाटीवर आयन चॅनेल रिसेप्टर असं लिहिलंय. मला ते म्हणताही यायचं नाही. तिथं संशोधन करणाऱ्या, मोहोळ गावच्या एका पोरीनं एकदा पिंजऱ्यांपाशी उभं राहून सांगितलं, तेव्हा समजलं. म्हणाली, मामा, अंगातल्या नसांना बारीक बारीक दारं असतात. तिखटानं एक उघडतं, चटक्यानंही तेच उघडतं, गारव्याचं दार वेगळं. दार उघडलं की क्षार आत शिरतात आणि मेंदूला निरोप जातो की दुखतंय. चटक्याचं दार बंद ठेवणारं औषध ती शोधत होती.

काम असं. अर्ध्या उंदरांना औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग एकेकाला गरम पत्र्यावर ठेवायचं आणि त्यानं पाय चाटला की लगेच उचलायचं. किती सेकंद लागले ते ती लिहून घ्यायची. ठेवणारा आणि उचलणारा मी. नियम हातमोज्यांचा होता, पण मोजे घातले की उंदीर चिरकायचे आणि माझ्या उघड्या हातात गप बसायचे. विभागाच्या प्रमुख मॅडमनी हे बघितलं होतं आणि चालवून घेतलं होतं.

मग बायको गेली. दोन दिवसांचा ताप, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तेरावं झाल्यावर मुलगा कुर्डुवाडीला नोकरीवर परत गेला. चला तिकडं म्हणाला, मी नको म्हणालो. कपाटात तिच्या गुडघ्यांच्या बामच्या सात बाटल्या निघाल्या. उद्या दुकानच बंद पडणार असल्यासारखी ती साठवून ठेवायची. एक उघडली आणि ती घरात आल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू. माझे गुडघे ठणठणीत आहेत. तरी रोज सकाळी निघायच्या आधी चोळायला लागलो. बसमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडून उठायचा. उठू दे.

त्याच सुमारास पोरीचे आकडे बिघडले. मिठाचं पाणी दिलेले उंदीरसुद्धा औषध दिल्यासारखे उशिरा पाय चाटायला लागले. मग औषधाचा गुण दाखवणार कसा? तिनं पत्र्याची उष्णता तपासली, औषध नव्यानं बनवलं, उंदीर बदलले. उचलणारा बदलला नाही. प्रबंध द्यायला थोडे महिने राहिलेले. मॅडम म्हणाल्या, आकडे असेच आले तर हा भाग काढावा लागेल. आणि हा भाग म्हणजेच तिची तीन वर्षं. पोरगी डबा न उघडता परत न्यायला लागली.

एक दिवस दुसऱ्या प्रयोगाची भांडी विसळत होतो. एका भांड्याला ओळखीचा वास आला, तळाशी पांढरे खडे चिकटलेले. हे काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, मेंथॉल, मामा, पुदिन्यातलं. यानं गारव्याचं दार उघडतं, मग चटका कमी जाणवतो.

मी भांडं पालथं घातलं आणि पुढचं विसळायला घेतलं.

चार दिवस तिला सांगितलं नाही. कळलं नव्हतं असं नाही, उभ्या उभ्या कळलं होतं. माझ्या हाताचा बाम उंदरांच्या पायांना लागत होता. पण सांगितलं तर बाम सुटणार, आणि सकाळी उठून त्या घरात मी करायचं काय? साबणानं हात तीन-तीनदा धुऊन बघितले. वास जाईना. जाऊ नये असंही वाटत होतं.

पाचव्या दिवशी ती पिंजऱ्यांसमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, मामा, मीच कुठंतरी चुकतेय, मला हे झेपत नाही, सोडून देते.

"तू न्हाय चुकलीस, मी चुकलो," मी म्हणालो. "हात हुंग माझा."

तिनं खरंच हुंगला आणि म्हणाली, मेंथॉल! मग मॅडमना बोलावून आणलं. कधीपासून बाम लावताय, मॅडमनी विचारलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून, सांगितलं, आणि चार दिवसांपूर्वी भांडी विसळताना कळलं तेही सांगितलं. पोरीनं वही चाळली. आकडे तिथूनच फिरले होते.

"कळल्यावर चार दिवस गप्प का बसलात?" मॅडम म्हणाल्या.

"सोडायचा नव्हता म्हणून. बायकोचा हाय तो."

मॅडमनी पोरीच्या हातातली वही घेऊन मिटली. मग म्हणाल्या, बाम लावा नाहीतर उंदीर धरा, दोन्ही जमणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी उंदीर सोडले आणि भांडी धुण्याच्या खोलीत गेलो.

उंदरांकडं मोजे घालणारा दुसरा माणूस आला. भिंतीपलीकडून चिरकणं ऐकू यायचं. घाबरलेल्या उंदराचे आकडे कामाचे नसतात, एवढं मलाही कळायला लागलं होतं. आठवड्यानं पोरगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, त्याच्या हातात ते थरथरतात मामा, पण मी तुम्हाला आग्रह करणार नाही.

"कर की आग्रह," मी म्हणालो. "आपणहून बाम कसा सुटंल म्हाताऱ्याला?"

"मग या ना, मामा."

रविवारी अंथरूण, टॉवेल, सदरे, सगळं धुऊन काढलं. उरलेल्या बाटल्या पिशवीत घालून शेजारच्या म्हातारीला दिल्या. तेलुगू घरातली आहे, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात खाली बसून घड्या घालण्यात तिचे गुडघे गेले. कसा लावायचा, तिनं विचारलं. खालून वर चोळायचा, गुडघ्याच्या वाटीवर जोर द्यायचा नाही, मी सांगितलं. सांगताना माझा हात हवेत फिरत होता. ती हाताकडं बघत राहिली.

"तुमीच लावायचा काय तिला?"

व्हय म्हणालो आणि घरी आलो.

पोरीनं सगळं पहिल्यापासून केलं. मिठाच्या पाण्याचे उंदीर झटकन पाय चाटू लागले, औषधाचे उशिरा. तिनं वही माझ्यापुढं धरली. मला त्यातलं काही कळत नाही हे तिला माहीत होतं, तरी धरली. बरं झालं, म्हणालो.

आता सकाळी नुसती अंघोळ करतो आणि निघतो. शेजारच्या दारावरून जाताना बामचा वास येतो. नुसत्या वासानं उंदरांचं काही बिघडत नाही, हे मला कळतं. तरी तिथं थांबत नाही.