फळीवर हिरू पुढे

पळसदरीचा रोहिदास साजगावच्या एका गोदामात सव्वीस वर्षं गोणी वाहत होता. पन्नास किलोची गोणी, दिवसाला दोनशे. घरी आला की बायको, आवडी, वीट तापवून त्याची कंबर शेकायची.

यंदा कंपनीने यंत्राचा सांगाडा आणला. खांद्यापासून मांडीपर्यंत पट्ट्यांनी बांधायचा. वाकून उठताना निम्मा भार तोच घेई. चाचणीला रोहिदास हौसेने पुढे झाला. अंगात वारं भरल्यासारखा फिरला आणि तीनशे दहा गोण्या टाकून मोकळा झाला. कंबर दुखली नाही. साहेबांनी त्याचा फोटो काढला.

आठवड्याने नोटीस लागली. टोळीची एकदा मोजणी होईल आणि पहिल्या तारखेपासून सगळ्यांना सांगाडा आणि तीनशे गोण्या. ज्याला जमणार नाही, त्याने दुसरं काम बघावं.

टोळीतला हिरू डोंगरातल्या वाडीचा, लहान चणीचा. सांगाड्याचे मांडीचे पट्टे त्याच्या गुडघ्याखाली लोंबत. नुसत्या अंगावर दोनशे तो हसत करी. सांगाड्याशिवाय तीनशे कुणालाच जमल्या नसत्या.

"फोटो झ्याक आला रं तुझा," हिरू म्हणाला. "माझ्या जागी तोच उभा कर."

रोहिदासला त्या दिवशी डबा गेला नाही.

मोजणीच्या सकाळी ट्रकला नेहमीसारखी एकच अरुंद फळी लावली होती. रोहिदास म्हणाला, "हिरू, तू पुढं हो."

"माझ्यामागं रखडशील."

"रखडतो."

सांगाडे घातलेले सात जण हिरूच्या मागे, त्याच्याच चालीने फळी चढू लागले. मोजणीला आलेली तेजश्री मॅडम खालापूरकडच्या शेतकरी घरातली. तासाभराने तिने घड्याळ थांबवलं.

"रोहिदासकाका, मुद्दाम हळू चालताय."

साहेबलोकांपुढे रोहिदासचं तोंड कधी उघडलं नव्हतं. आज उघडलं.

"होय मॅडम, लपवत नाय. तुमच्याकडं लावणीला ज्याचा हात जलद, तो शेजारच्याची रोपं लावतो ना? शेजारच्याला बांधावर नाय बसवत. हा सांगाडा चांगला हाय. माझी कंबर वाचली, मी तो सोडणार नाय. पण मी घातला म्हणून हिरू कमी माणूस झाला, असं कागदावर लिवू नका. माप नुसत्या अंगाचं धरा."

तेजश्री म्हणाली, "आमच्याकडे माझीच ओळ मागे पडायची. आई लावायची माझी रोपं."

दोन दिवस ती साहेबांशी भांडली. पाठदुखीच्या रजा किती वाचतील, ते तिने त्यांच्या गळी उतरवलं. नवी नोटीस आली: माप दोनशेच. सांगाडा ज्याला हवा त्याला. दोनशे झाल्या की सुट्टी. लहान मापाचे दोन सांगाडेही मागवले.

हिरूचा सांगाडा आला, त्या दिवशी दुपारी तीनलाच त्याची दोनशेवी गोणी पडली. रोहिदासच्या अजून अकरा बाकी होत्या.

"काढ रं माझा फोटो," हिरू म्हणाला, आणि पट्टे सोडून रोहिदासच्या गोण्यांना हात लावायला आला.

रोहिदास उन्हातच घरी पोचला. आवडी धास्तावून दारात आली. "कामावरून काढलं काय तुमाला?"

"नाय. हिरूनं हरवलं," तो म्हणाला, आणि हसत कोपऱ्यातलं फावडं उचलून परसात गेला.