ठेवून घ्या

मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे, त्या म्हणजे सातपूरच्या आमच्या कारखान्यात ड्रॉइंग सांभाळणाऱ्या बाई. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत, म्हणून मीही इथे तेवढंच लिहितो. माझी एक चूक बरीच वर्षं त्यांच्या नावावर राहिली. ती तशी कशी राहिली आणि मी ती परत कधी घेतली, हे मला सांगायचं आहे.

ते सांगताना एफटीपीची गोष्ट मध्ये येणारच. एफटीपी म्हणजे एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोचवायची जुनी रीत. आता ती बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे. पण माझ्या आठवणीत बाई आणि एफटीपी यांना वेगळं करता येत नाही. एक आठवायला गेलो की दुसरं समोर येऊन उभं राहतं.

मी सुरगाण्याकडचा. आश्रमशाळेत शिकलो, मग नाशिकला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. भात-नागली घरात आली की आई-वडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जायचे, सुट्टीत मीही जायचो. कारखान्यात लागलो तेव्हा सहा महिने उमेदवारी होती, काम पसंत पडलं तर कायम. आई फोनवर दुसरं काही विचारतच नसे.

"पक्की झाली का रं?"

"नाय अजून. होईल."

"झाली का लगेच सांग. मग तुला द्राक्षावर नाय यायचं."

आम्ही पुण्याच्या एका मोठ्या कंपनीसाठी यंत्रांचे सुटे भाग, हाउसिंग म्हणजे बाहेरची कवचं वगैरे, बनवत होतो. ड्रॉइंगची खोली वर, पोटमाळ्यावर होती. तिच्या काचेतून सगळी शेड दिसायची. दुपारी छपरातल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून ऊन खाली उतरायचं आणि मशिनवर सोडलेल्या तेलपाण्याची वाफ त्या उन्हात तरंगत राहायची. सगळ्या मशिनचे आवाज मिसळून एकच आवाज व्हायचा, लांबून ऐकलेल्या ओहोळासारखा. मला वाटायचं, आमच्या घाटात सकाळी धुकं भरतं तसं इथे काहीतरी भरलंय, आणि बाई नि मी त्याच्या वर कुठेतरी बसून डबा खातोय.

डबा खाताना बाई शिकवायच्या. त्या स्वतः कॉम्प्युटर शिकलेल्या नव्हत्या. ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर घेऊन त्यांनी नोकरी सुरू केली होती. पण समोर आलेली वस्तू उघडून पाहायची त्यांना सवय होती. कॉलेजात एफटीपी मला दोन मार्कांना होतं, पूर्ण नाव लिहायचं की झालं. बाईंनी काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा हाताने टाइप करून दाखवली आणि पलीकडचा कॉम्प्युटर काय उत्तर देतो तेही.

"आधी तीन आकडे येतात, ते बघ. पुढचं इंग्रजी माणसांसाठी. दोनने सुरू झालं तर झालं. तीन म्हणजे पुढे बोल. चार म्हणजे आत्ता नाही, नंतर ये. पाच म्हणजे नाहीच."

हे आकडे खाली मशिनवाल्यांपर्यंत कसे पोचले कोण जाणे. थोड्याच दिवसांत कुणी विचारलं, "अरे, सुपरवायझर कुठाय?" की दुसरा मान वर न करता म्हणायचा, "पाचशे पन्नास." म्हणजे फाइल सापडत नाही.

ही रीत आली कुठून, हेही बाईंनी कुठून कुठून वाचून काढलं होतं. माझ्या वयापेक्षाही जुनी गोष्ट. तिकडे अमेरिकेत, विद्यापीठांतून, खोलीएवढाले मोजके कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. पण प्रत्येकाची घडण वेगळी. अक्षर साठवायची एकाची पद्धत दुसऱ्याला कळायची नाही. मग एका विद्यार्थ्यानं मसुदा लिहिला, की फाइल मागायची कशी, द्यायची कशी, मजकूर असेल तर कसा पाठवायचा आणि नुसते आकडे असतील तर कसे. बाकीच्यांनी चुका काढल्या. पुन्हा मसुदा, पुन्हा चुका.

"म्हणजे ग्रामसभा," मी म्हणालो.

"ग्रामसभेत हाणामारी होते. हे कागदावर भांडले." बाईंनी भाजीची फोड माझ्या डब्यात टाकली. "पुढे खालचं जाळंच बदललं, तेव्हा हे सगळं नव्यानं लिहून काढलं. पण चाल तीच राहिली."

त्या चालीत मला एक गोष्ट फार आवडायची. एफटीपीला दोन वाटा लागतात. एकीवरून बोलायचं, दुसरीवरून माल यायचा. जुन्या पद्धतीत आपण पलीकडच्याला हाक मारायची, आपला नंबर सांगायचा, आणि माल द्यायला तो उलट आपल्याला गाठायचा. मी म्हणालो, हे तर माझ्या वडिलांच्या मिस्ड कॉलसारखं झालं. ते रेंज शोधत टेकडीवर चढून एक रिंग द्यायचे आणि मी इकडून फोन लावायचो. बाई हसल्या.

"अगदी तेच. पण पुढे कंपन्यांनी भिंती घातल्या. बाहेरून आलेल्याला गेटवरच अडवायला लागले. मग उलट फोन येणार कसा? म्हणून दुसरी रीत काढली. तो नुसता नंबर सांगतो, दोन्ही वेळा फोन आपणच करायचा."

ते ऐकताना डोळे मिटले की मला समुद्रापलीकडच्या त्या खोल्या दिसायच्या. कुणीतरी रात्रभर जागून लिहिलेल्या नियमांवरून आमची सातपूरची फाइल चालत जाते आहे, आणि त्या माणसाला सातपूर माहीतही नाही. तेव्हाचं माझं जग सुरगाणा ते नाशिक, जीपच्या मागच्या फळीवरून दिसेल तेवढं. ते पडद्यावरच्या चार ओळींत एकदम पसरत जायचं.

एक उणीव मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, वाटेत कुणीही वाचावा. "सुरुवातीला सगळे ओळखीचे होते ना," त्या म्हणाल्या, "म्हणून कुलूप कुणाला सुचलं नाही." आमच्याकडे तर त्याहून सोपं होतं. पुण्याच्या कंपनीनं दिलेलं लॉगिन एकच, बाईंच्या नावाचं. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली. जो खुर्चीवर बसेल तो बाई.

माझी उमेदवारी संपायला आठवडाभर उरला होता. बाई दोन दिवस घोटीला गेल्या होत्या, सासऱ्यांना बरं नव्हतं. पुण्याहून फोन आला.

"बाई आहेत?"

"नाहीत सर. मी त्यांचा सहायक."

"बरं. त्या हाउसिंगचं नवीन ड्रॉइंग टाकलंय, भोकांची जागा बदललीय. नाव जुन्याचंच आहे. ठेवून घ्या."

"हो सर."

आता कुणीही म्हणेल, ठेवून घ्या म्हणजे घ्या. आमच्याकडेही कुणी हातात काही दिलं की 'ठेवून घे' असंच म्हणतात. पण मी मराठीतून शिकलेला, इंग्रजी शब्द वहीत अर्थ लिहून पाठ करणारा. एफटीपीच्या दोन मुख्य आज्ञा वहीत अशा लिहिल्या होत्या, गेट म्हणजे मिळणे, पुट म्हणजे ठेवणे. आणि मला काय करायला सांगितलं होतं? ठेवायला. मी पुट टाइप केलं, फाइलचं नाव दिलं. उत्तर आलं, दोनशे सव्वीस. दोनने सुरू होणारा आकडा, म्हणजे झालं. बाई नसताना एक काम नीट केलं म्हणून मी खूश होतो.

पुट म्हणजे आपल्याकडचं तिकडे ठेवणे. मी आमच्याकडचं जुनं ड्रॉइंग त्यांच्या नव्यावर चढवलं होतं.

बाई परत आल्या. चप्पल काढता काढताच त्यांनी विचारलं, "नवीन ड्रॉइंग आलं होतं ना? घेतलंस?"

"हो बाई. ठेवलं."

"कुठं ठेवलं?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "सर्व्हरवर."

त्या खुर्चीत बसल्या, फाइलची तारीख पाहिली आणि लगेच पुण्याला फोन लावला. पण उशीर झाला होता. त्या कंपनीचं काम करणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यानं मधल्या दोन दिवसांत तेच ड्रॉइंग उतरवून घेतलं होतं आणि पूर्ण लॉटला जुन्या जागी भोकं पाडली होती. सगळा माल भंगारात.

दुपारी साहेब स्वतः वर आले. ते वर येत नसत.

"बाई, पुण्यावाले म्हणतात, तुमच्या लॉगिननं जुनं ड्रॉइंग चढलंय."

"लॉगिन माझंच आहे."

"मी विचारतोय, तुम्ही चढवलंत का?"

"लॉगिन माझं, पासवर्ड काचेखाली मी ठेवला. जबाबदारी माझी."

मी कपाटाला टेकून उभा होतो. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. सोमवारी माझा कायम झाल्याचा कागद निघायचा होता. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी खाली शेडकडे पाहत राहिलो. वाफ नेहमीसारखी उन्हात तरंगत होती आणि तिच्यात माणसं पाण्याखाली हलावीत तशी हलत होती. साहेब उतरून गेले.

बाईंकडून ड्रॉइंगचं काम काढून घेतलं. निवृत्तीपर्यंतची वर्षं त्या खाली डिस्पॅचला बसल्या, शटरजवळच्या टेबलावर, खोक्यांवर चिठ्ठ्या लावत. मी सोमवारी कायम झालो. आईला फोन केला तेव्हा ती रडली आणि मलाही रडू आलं. दोघांची कारणं वेगळी होती.

साहेब वर येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन वर आल्या. "वही काढ. ते मिळणे-ठेवणे खोड. बाण काढ. गेटचा बाण आपल्याकडे, पुटचा त्यांच्याकडे."

मी बाण काढले. मग म्हणालो, "बाई, तुम्ही काल का..."

"डबा खा," त्या म्हणाल्या.

त्या विषयावर आमचं बोलणं झालं ते इतकंच. पुढे अनेक दिवाळ्यांना मी त्यांना फोन केला, फराळ पोचवला, आणि दर वेळी ते एक वाक्य घशापर्यंत आणून परत नेलं.

आता पुण्याच्या कंपनीनं एफटीपी बंद केलं. ब्राउझरवाल्यांनी तर ते आधीच काढून टाकलं होतं. नवीन रीतीत सगळं कुलूपबंद जातं आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी, कुणी काय केलं ते त्याच्याच नावावर. बदलाचं काम माझ्याकडे आलं, कारण ती खोली आता मी सांभाळतो. जुने अहवाल स्कॅन करून चढवायचे होते. त्यांत त्या हाउसिंगच्या चुकीचा अहवाल निघाला. 'कारण: ड्रॉइंग विभागप्रमुखांची नजरचूक.' खाली बाईंची सही, ड्रॉइंगवर करत तशीच, बारीक आणि सरळ. दुपार होती. स्कॅनरचा दिवा कागदाखालून हळूहळू सरकत होता आणि ती सही उजळून पुन्हा मावळत होती. माझ्या हातून हा कागद आता कायमचा जतन होणार होता, तसाच, खोटा.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"मला तेव्हाच वाटलं होतं. ती बाई रेघ चुकली तर कागद बदलायची. तू का नाही बोललास?"

"चार दिवसांनी कायम व्हायचो, साहेब."

"तिला विचारायचं मीही टाळलं," ते म्हणाले. "कुणाला तरी बसवलं खाली, पुण्यावाले गप्प झाले." त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. "यावर लिही. पण आधी तिला सांग. फोनवर नको. फोनवर तू गुळमुळीत बोलतोस."

म्हणून पत्र लिहिलं. निवृत्तीनंतर बाई घोटीला राहतात, तिथल्या पत्त्यावर ते मी सोमवारी सकाळी टाकलं. त्याची ही प्रत.

आदरणीय बाई,

नमस्कार. हे पत्र फार वर्षं आधी यायला हवं होतं.

हाउसिंगचं जुनं ड्रॉइंग पुण्याच्या सर्व्हरवर मी चढवलं होतं. तुम्हाला ते पहिल्या क्षणी कळलं होतं, हे मला माहीत आहे. साहेब वर आले तेव्हा मी गप्प राहिलो. घाबरलो होतो, हे खरं आहे, पण त्यानं ती चूक लहान होत नाही. पुट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, ती चूक मी माफ करू शकतो. गप्प राहिलो ते माहीत असून.

तुम्ही खाली शटरजवळ बसायचात तेव्हा मी वरच्या काचेतून रोज पाहायचो. तुमचं टेबल मला मिळालं होतं. त्यावर बसून मी घर चालवलं, बहिणीला नर्सिंग शिकवलं, आई-वडिलांचं द्राक्षाचं काम थांबवलं. त्यातलं प्रत्येक काम तुमच्या एका वाक्यावर उभं आहे आणि त्या वाक्याची किंमत तुम्ही एकट्यानं मोजली.

साहेबांना मी सगळं सांगितलं आहे. अहवालावर कारण खोडून माझं नाव लिहिलं, खाली माझी सही आणि साहेबांची. प्रत सोबत जोडली आहे. तुमची मूळ सही तशीच राहू दिली, तिच्यावर रेघ मारायला हात धजला नाही. ती खोडायला हवी असेल तर तसं कळवा.

खाली मशिनवर जे जुने लोक आहेत त्यांनाही चहाच्या वेळी सांगितलं. एक जण म्हणाला, "एवढी वर्षं बाईंना चुकलेली समजत होतो, लेका."

आणखी एक. ड्रॉइंगला दोन नवीन मुली लागल्या आहेत. साहेब विचारत होते, आठवड्यातून एक दिवस शिकवायला बाई येतील का, गाडी पाठवू. मी म्हणालो, आधी त्यांना माझं पत्र वाचू द्या. तुम्ही रागावला असाल तर माझ्यावर रागवा, पण त्या मुलींना नाही म्हणू नका. तुम्ही येणार असाल त्या दिवशी मी खाली डिस्पॅचला बसेन. किंवा तुम्ही सांगाल तिथे.

तुमचा,
सहायक