गाडी पिकअप घेत नव्हती

मानकोली नाक्यावर हायवेला चढताना मागच्या ट्रेलरवाल्याने असा काही भोंगा दिला की माझ्या मांडीवरचा जेवणाचा डबा खाली पडला. आमची गाडी पुढं सरकत होती, नाही असं नाही. पण लग्नात म्हाताऱ्या पाहुण्याला हात धरून पंगतीला न्यावं, तशी.

"बाबा, दाब ना!" मी ओरडले.

"दाबलाय गो! पार तळाला दाबलाय!" बाबाही ओरडला.

ट्रेलर आरशाला घासल्यासारखा बाजूने गेला. त्याच्या क्लीनरने खिडकीतून डोकं काढून आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली. बाबा एरवी शिवी ऐकून घेणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी गाडी कडेला घेऊन नुसता बसून राहिला.

आमच्याकडं बापाला अहोजाहो करत नाहीत. समोरही नाही आणि माघारीही नाही. त्यामुळं इथंही मी 'बाबा म्हणाला' असंच लिहिणार, वाचणाऱ्याने उगाच नाक मुरडू नये.

बाबाने तीस वर्षं टेंपो चालवला. नारपोलीच्या लूममधून कापडाचे तागे भरायचे आणि मुंबईत नेऊन उतरवायचे, दिवसाला कधी एक खेप तर कधी दोन. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच बंद. मग टेंपो विकला आणि बाबा ओट्यावर बसला. असे आठ महिने काढले. सकाळी उठून दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि कुठंच जायचा नाही. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर चुकला की तिथूनच ओरडायचा. पुढं पुढं तेही बंद झालं. आई मला म्हणाली, "हा असाच बसला ना, तर वरीस काढायचा न्हाय."

तेवढ्यात आमचं शेत गोदामवाल्यांनी घेतलं आणि हातात थोडा पैसा आला. क्लच नसलेली गाडी असते, हे मला मी काम करायचे त्या गोदामात कळलं होतं. तेव्हा ऑटोमॅटिक गाड्या आतासारख्या गल्लोगल्ली नव्हत्या. शोधून शोधून मुंबईच्या एका शेठची दहा वर्षं वापरलेली जर्मन गाडी मीच काढली. मीच बघून आले आणि मीच म्हटलं, घे. मऊ कातडी सीटा, लाकडाची पट्टी, आणि पायाशी दोनच पेडल. बाबाने पहिल्याच दिवशी डावा पाय सीटवर मांडी घालून ठेवला आणि म्हणाला, "ह्या पायाला पेन्शन!"

दोन वर्षं काय मजेत गेली म्हणून सांगू! सकाळी मला मानकोलीला सोडायचा, मग नारपोलीत जुन्या लूमवाल्यांकडे चहा, दुपारी दिघाशीला आत्याकडं. माणूस पुन्हा माणसात आला. म्हणून त्या दिवशी नाक्यावर गाडी सरकेना तेव्हा मी ट्रेलरला घाबरले नाही. मला ओटा दिसला. ही गाडी गेली तर बाबाला चालवता येईल अशी दुसरी गाडी आमच्या ऐपतीत नव्हती.

नारपोलीत बाबाच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. जौनपूरकडचा, पण भिवंडीत इतकी वर्षं काढलेली की मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवायचा. त्याने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर बाहेर काढला आणि हसायलाच लागला. लूमच्या गल्ल्यांत उडणारी सगळी रुई त्यात जाऊन बसली होती. "ताई, हे बघा. इसमें तो एक तकिया भर जाएगा!"

मला काय आनंद झाला! दोष सापडला, तोही असा हातात धरून दाखवता येणारा. नवा फिल्टर घातला, मिस्त्री स्वतः चक्कर मारून आला. गाडी सुसाट गेली. मी घरी जाऊन आईला सांगितलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मानकोली नाक्यावर पुन्हा तेच. मागून भोंगे, आणि आमची वरात.

मग सुरू झाला खेळ. मिस्त्री म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ. टाकी रिकामी करून दुसरीकडचं पेट्रोल भरलं. चक्कर मारली, सुसाट. बाबाच्या हातात आली, की ढिम्म. मग प्लग बदलले. मग गिअरबॉक्सचं ऑइल. मग सायलेन्सरच्या आधी एक जाळीचा डबा असतो, तो तुंबलाय म्हणून काढून उजेडात धरून बघितला. डबा चांगला स्वच्छ होता. दरवेळी मिस्त्रीने चालवली की पळायची आणि बाबाने घेतली की रुसायची. आईने लिंबू-मिरची बांधली आणि गाडीवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. तिचं बरं होतं, तिला निदान खात्री तरी होती.

माझं डोकं मात्र पार चक्रावून गेलं. गोदामात डिस्पॅचचं काम असल्याने मला सगळं लिहून ठेवायची खोड. मी एक वही केली. किती वाजता, ऊन किती, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती. वहीतून काय निघालं? मिस्त्री गाडी सकाळी चालवायचा, इंजिन थंड असताना. बाबाला मिळायची ती गरम झालेली. म्हणजे गरम झाल्यावर काहीतरी होतंय. मिस्त्रीला हे एकदम पटलं. मग मुद्दाम भर दुपारी, गाडी तापवून, त्याने चालवली. पळाली! मग थंड गाडी बाबाला दिली. ढिम्म! मी वही मिटली आणि मिस्त्रीवरच खेकसले, "अहो, मग आहे तरी काय हे?"

"ताई, कसम से, समझ में नहीं आता," तो म्हणाला. त्याचंही खरं होतं.

त्याच दिवशी घरी येताना रेतीबंदराच्या चढावर गाडी पुन्हा अडली. मागे रिक्षांची रांग लागली आणि माझी जीभ सुटली. "नाचता येईना अंगण वाकडं!" मी म्हणाले. "सगळ्यांच्या हातात पळते, तुझ्याच हातात बरी अडते!"

बाबाने माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तीस वर्षं ज्याने मुंबईच्या गल्ल्यांत कुणाला ओरखडा काढला नाही, त्याला पोटची पोर असं बोलली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला लाज वाटली, पण माफी मागायला आमच्या घरात कुणाला येते? मी गुपचूप मिस्त्रीला गाठलं आणि म्हटलं, एकदा तुम्ही शेजारी बसा आणि बाबाचं चालवणं बघा. तो बसला आणि पार कल्याण नाक्यापर्यंत जाऊन आला.

"काका का हाथ तो मक्खन है," त्याने उतरल्या उतरल्या सांगितलं. "ब्रेक बघा, वळण बघा, सगळं एक नंबर. गाडीच घेत नाही. मैंने अपनी आँख से देखा."

बाबाची मान ताठ झाली. "ऐकलास?" तो मला म्हणाला. मी ऐकलं आणि मनापासून बरं वाटलं. दोष गाडीचाच होता, आणि गाडी दुरुस्त होते.

शेवटी मिस्त्रीने ठाण्याहून एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. चष्मेवाला, हळू बोलणारा, शर्टाच्या बाह्यांना गॅरेजची धूळ लागू नये म्हणून जपणारा. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खोचली आणि लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवला. म्हणाला, ह्या गाडीत पेडल आणि इंजिन यांच्यात तार नाही. तुम्ही पेडल किती दाबलं ते कॉम्प्युटर वाचतो आणि तेवढंच इंजिनाला देतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे मधला तो वाचणाराच चुकत असणार!

"चूक एकही दाखवत नाही," तो स्क्रीनकडं बघत म्हणाला. मग स्वतः बसला, गाडी जागेवरच चालू ठेवून पेडल हळूहळू दाबलं. आकडा शून्यापासून चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला. सोडलं, पुन्हा शून्य. "पेडल तर छान आहे. काका, आता तुम्ही बसा."

बाबा बसला. डावा पाय नेहमीसारखा सीटवर.

"पूर्ण दाबा."

आकडा सदतीस.

"पूर्ण, काका."

"दाबलाय की."

सदतीस. मग चौतीस. कॉम्प्युटरवाल्याने वायर काढून झटकली, पुन्हा खोचली, बाबाला उतरवून स्वतः बसला. अठ्ठ्याण्णव. बाबा बसला. छत्तीस. मिस्त्री आणि तो एकमेकांकडं बघायला लागले, आणि दोघंही माझ्याकडं बघेनात.

"अहो, बोला ना काहीतरी!" मी म्हणाले. "पायपुसणं अडकलं असेल खाली. थांब बाबा, पाय नको हलवू, मी बघते." मी त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसून आत डोकं घातलं.

पायपुसणं सपाट होतं. बाबाची चप्पल सुटून मागं सरकली होती. पाऊल अर्धं पेडलवर आणि अर्धं खाली गालिच्यावर टेकलेलं होतं. करंगळी वाकून पेडलच्या कडेला दुमडली होती. मला बघूनच दुखलं. आणि हा बाबा वरून सांगत होता, "बघ, पार तळाला हाय."

मी हळूच त्याची करंगळी सोडवली. तो वर स्टिअरिंग धरून समोरच बघत होता. पाय बर्फासारखा गार होता, मे महिन्यात, नारपोलीत. अंगठ्याखाली एक जखम होती, ओली, कधीची कोण जाणे. बाबाची साखर पंधरा वर्षांची. पाय रोज बघत जा, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, आणि आम्ही दोन महिने गाडीचे फिल्टर बघत बसलो होतो. देवा, गाडीत काहीतरी बिघडलेलं असू दे, असं मी त्या क्षणी म्हटलं. मोठं असू दे, इंजिन जाऊ दे, चालेल.

मग मी त्याचं पूर्ण पाऊल उचलून पेडलवर ठेवलं, वर माझा तळहात ठेवला आणि दाबलं. इंजिन गरजलं. वरून कॉम्प्युटरवाल्याचा आवाज आला, साठ, ऐंशी, अठ्ठ्याण्णव.

"घेतली!" बाबा ओरडला. स्टिअरिंगवर त्याने जोरात थाप मारली. "घेतली बघ! मी म्हणत न्हवतो, गाडीतच खोट हाय! काय केलंस रं तू कॉम्प्युटरवाल्या? बघ गो पोरी, आता कशी घेते!"

मिस्त्री हसला नाही. माझा हात तसाच होता. सोडला असता तर आकडा खाली आला असता आणि त्याने पुन्हा विचारलं असतं, आता काय झालं?

"बाबा," मी खालूनच म्हणाले, "मी दाबतेय."

त्याने वाकून खाली पाहिलं. आपल्या पायाकडं, मग पायावरच्या माझ्या हाताकडं.

"हात कवा लावलास गो?" त्याने विचारलं.