तिसऱ्या दिवशीचा चहा

येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला की नाही, यावर आमच्या घरी दर रविवारी दुपारी वाद व्हायचा. विजय नगरातल्या दुसऱ्या कुठल्या मराठी घरात असा वाद होत असेल असं मला वाटत नाही. बाकीचे लोक रविवारी जेवून सरळ झोपतात. आमच्या समोरच्या घरातले गार्डसाहेब मात्र चर्चमधून येऊन, जेवून, तीनच्या सुमारास आमचं फाटक वाजवायचे. बाबा त्याआधीच बनियनवर शर्ट चढवून तयार बसलेले असायचे.

बाबांची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शनला झाली. पितळी नगांना गेज लावायचं, मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. ही सवय ते घरीही घेऊन आले. आईच्या पोळ्या त्यातून वाचल्या, कारण तिनं त्यांना पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातून बाहेरचा रस्ता दाखवला होता. मग सापडले गार्डसाहेब. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे मराठी ख्रिस्ती, प्रार्थना मराठीत करणारे आणि भाजीवाल्याशी भांडण हिंदीत.

"चार शुभवर्तमानं, चार मापं," बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांवर बोट ठेवत बाबा सुरू करायचे. "एक म्हणतो कबरीवर तीन बाया गेल्या, एक म्हणतो दोन, तिसरा म्हणतो बऱ्याच होत्या, चौथ्याच्या हिशेबानं एकटीच. एकाच्या वेळी सूर्य उगवलेला, दुसऱ्याच्या वेळी अंधार. कुठं एक तरुण बसलेला, कुठं दोन देवदूत. असा लॉट मी पास केला असता तर नोकरी गेली असती, गार्डसाहेब."

"भाऊ, अपघातानंतर चार जणांचे जबाब शब्दाशब्दानं सारखे आले की आम्ही काय समजायचो? की एकत्र बसून लिहिले. आणि खोटंच रचायचं होतं तर बायांना काहून पुढं केलं असतं? त्या काळी बाईच्या साक्षीला कोण विचारत होतं? मी रचलं असतं तर दोन पुढारी उभे केले असते."

बाबा मोबाइलवर वाचून तयारीनिशी यायचे. सगळ्यात जुन्या शुभवर्तमानाच्या जुन्या प्रतींत बाया घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, तिथंच गोष्ट संपते, पुढचं मागाहून जोडलेलं. त्याहून जुनी, बायबलातलीच पत्रं आहेत, त्यांत या बाया नाहीतच. बरं, उठला तो देहानं की आत्म्यानं, यावर तर चर्चवाल्यांचंच एकमत नाही. गार्डसाहेब म्हणायचे, देहानंच, कारण त्यानं शिष्यांसमोर मासा खाल्ला. बाबा विचारायचे, काटे काढून खाल्ला की कसा, ते लिहिलंय का? कबरीवरचे पहारेकरी झोपले आणि शिष्यांनी देह पळवला, हा बाबांचा आवडता मुद्दा, आणि गार्डसाहेबांना तो अगदी झोंबायचा. "झोपले होते तर चोर कोण ते त्यांना कसं दिसलं? आणि भाऊ, ड्युटीवर गार्ड झोपत नसतो."

हे संध्याकाळपर्यंत चालणार हे ठाऊक असल्यानं आई आल्याचा चहा निळ्या थर्मासात भरून दोघांच्या मध्ये ठेवायची आणि आत जाऊन आडवी व्हायची. मध्येच तिचा आवाज यायचा, "तो उठला की नाही ते ठरवा सावकाश, आधी तुम्ही उठा आन् फाटक लावा, गाय आत येऊन राहिली."

आई गेल्या वर्षी थंडीत गेली. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही राख सावडायला नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. बायका तिथं जात नाहीत, पण मी निघाले आणि माझ्यामागे आत्याही निघाली. नागपूरहून दादा आला होता. गार्डसाहेब काळा कोट घालून आले, त्यांच्याकडे मातीला तसंच जातात. जाणाऱ्याच्या आवडीचं काहीतरी तिथं ठेवायचं असतं. आईला चहा, दुसरं काय असणार? सुतकात आमच्या घरी गॅस पेटत नव्हता, म्हणून तो निळा थर्मास गार्डसाहेबांच्या घरून भरून आला.

त्यानंतर बाबा वाद घालेनासे झाले. जेवायचे, फिरायला जायचे, औषधं घ्यायचे. पण काहीही म्हटलं की एकच उत्तर, "असेल." भाजीत मीठ जास्त आहे का? असेल. गार्डसाहेबांनी रविवारी येणं सोडलं नाही. ते मुद्दाम कच्चे मुद्दे टाकायचे, बाबांनी एका फटक्यात उडवावेत असे. एकदा तर म्हणाले, "भाऊ, चारही शुभवर्तमानांत काहीच फरक नाही बघा." मी आतून कान टवकारले. बाबा म्हणाले, "असेल."

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. डॉक्टर म्हणत होते बीपी चांगलं आहे. पण येशू उठला असेल असं म्हणणारा माणूस माझा बाप नव्हता. आई गेली होती, आणि बाबाही हळूहळू निघाले आहेत असं मला वाटायचं. त्यांनी कुणाशी तरी भांडावं म्हणून देवाला नवस बोलायचाच काय तो बाकी होता.

आईच्या वर्षश्राद्धाला दादा आणि आत्या आले. जेवणं झाली, गार्डसाहेबही तीनला हजर झाले. आत्याची नजर फळीवर गेली.

"अगं, हा थर्मास इथं कसा? हा तर घाटावरच राहिला होता नं?"

"राहिला नव्हता," दादा म्हणाला. "गुरुजींनी सगळा चहा नर्मदेत ओतला आणि रिकामा थर्मास माझ्याकडं दिला. अंधार होता, मी मोबाइलचा टॉर्च धरला होता."

"अंधार कुठला?" मी म्हटलं. "समोरच्या काठावर ऊन पडलं होतं. आणि गुरुजींनी झाकणभरच ठेवला, ओतला नाही."

"गुरुजी दोन होते," आत्या म्हणाली.

"एकच होते. आणि तुम्ही दोघी स्मशानाच्या फाटकाशी थांबला होता," दादा म्हणाला.

"अच्छा? मग अस्थींवर दूध कोणी शिंपडलं? मी शिंपडलं," आत्या म्हणाली.

आवाज चढले. आम्ही तिघंही शपथेवर सांगायला तयार होतो. आणि मध्येच माझ्या ध्यानात आलं की हे सगळं मी ऐकलेलं आहे, याच खोलीत, कितीतरी रविवारी. मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. एवढी आयती संधी, आणि ते शांतपणे पंख्याकडे बघत बसले होते.

"तुम्ही सगळे चूक," बाबा म्हणाले.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे वळलो.

"उरलेला चहा मी प्यालो. बाहेर, पायऱ्यांवर बसून. तुम्ही गाडीकडे गेला होता. झाकण उघडं राहून थंडगार झाला होता. तिच्यासाठी नेलेला, टाकून देववेना." मग ते म्हणाले, "गार्डसाहेब शेजारी उभे होते. त्यांनी पाहिलं."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मला रडू आवरलं नाही आणि मी आवरलंही नाही. बाबा गार्डसाहेबांकडे वळले.

"वर्ष झालं. बोलला काहून नाही?"

"तुमची गोष्ट होती, भाऊ. मी कशी सांगणार?"

"आन् आत्ता? यांनी तीन तोंडांनी तीन गोष्टी सांगितल्या. तुम्ही साधा टोमणाही मारला नाही."

"मारला असता," गार्डसाहेब म्हणाले, "तर तुम्ही 'असेल' म्हणाला असता. मला ते ऐकवत नाही."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "असेल काहून म्हणेन? आम्ही घाटावर गेलो होतो हे खरं. चहा नेला होता हे खरं. म्हणून ती परत आली असं होते का? तिथंच तुमची गाडी रुळावरून घसरते, गार्डसाहेब. बाया कबरीवर गेल्या, मान्य. पुढचं तुम्ही जोडून राहिले."

"जोडून नाही, भाऊ. मानून राहिलो."

"तेच ते. आन् त्या बाया सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या नं त्याच्या देहाला लावायला? देह तर तिथं नव्हता. मग त्या द्रव्यांचं काय केलं? चौघांपैकी एकानं तरी लिहिलं आहे का?"

गार्डसाहेबांनी बोटांवर चौघंही मोजून पाहिले. "नाही," ते म्हणाले. "कोणीच नाही लिहिलं."

"पाहा. मुद्द्याचंच लिहिलं नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी फळीवरच्या थर्मासाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "घरी परत नेली असतील. टाकून देववत नाही."